बाजार उठल्यावर : जागतिक प्रदर्शनांच्या अभ्यासाची प्रस्तावना

जरीपटक्यात माझ्या घरापासून चार पावलांवर कापडाचं एक दुकान आहे. मालक सिंधी, वयानं माझ्याहून वीस वर्षांनी मोठे. सगळा मोहल्ला त्यांना अंकल म्हणतो, मीही म्हणतो. त्यांची भाची दुबईत असते. दुबईचं जागतिक प्रदर्शन कोरोनामुळे वर्षभर लांबलं आणि १ ऑक्टोबर २०२१ ते ३१ मार्च २०२२ या काळात भरलं. भाचीनं तिथून मामासाठी पासपोर्टाच्या आकाराची एक पुस्तिका आणली. ज्या देशाच्या दालनात जाल, तिथला शिक्का त्या पुस्तिकेत मारून मिळतो. ही प्रथा १९६७ च्या माँट्रियलच्या प्रदर्शनापासून चालत आली आहे. पोरीनं हौसेनं पानंच्या पानं भरली होती. काही शिक्के ठसठशीत होते, काहींची शाई अर्ध्यातच संपली होती, एक तर चक्क उलटा पडला होता.

अंकलनी कापड पाहतात तशी दोन बोटांत धरून पुस्तिकेची पानं चाचपली आणि विचारलं, “माल केवढ्याला होता तिथं?”

भाची म्हणाली, “मामा, माल विकायला नव्हता. पाहायला होता.”

“मग एवढे देश आले कायले?”

या विषयावर वाचायला लागून मला बरीच वर्षं झाली. इतका नेमका प्रश्न मला ग्रंथालयात क्वचितच भेटला. तुमच्या हातात असलेलं पुस्तक या एका प्रश्नाभोवतीच फिरतं. प्रश्न दुकानदाराचा आहे हे विसरू नका. या अभ्यासात नवखा माणूस प्रदर्शनाच्या झगमगाटानं दिपून जातो. ज्याची हयात गल्ल्यावर गेली, तो दिपत नाही. तो आधी हिशेब विचारतो.

हा हिशेब कुठून मांडायला घ्यायचा? माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं पटलं नाही तर भांडायला बरं. प्रदर्शन भरतं तेव्हा तिथं पाहण्यासारखं खूप असतं, पण ते समजून घ्यायचं तर बाजार उठल्यावर तिथं जावं. मांडव निघाल्यावर काय उरलं, कुणाकडे गेलं, कुठल्या कपाटात बसलं, कशावर कुणी पोट भरलं आणि काय जळून गेलं, याच्या मागावर जावं. प्रदर्शनाचा हेतू उद्घाटनाच्या भाषणात सांगितलेला असतो हे खरं. पण भाषणातला हेतू आणि पेटाऱ्यात भरून नेलेला हेतू नेहमी एकच असतो असं नाही.

सुरुवात रिवाजाप्रमाणे लंडनपासून करू. १ मे १८५१ रोजी हाइड पार्कमध्ये ‘सर्व राष्ट्रांच्या उद्योगांचं महाप्रदर्शन’ उघडलं. बागांसाठी काचघरं बांधणाऱ्या जोसेफ पॅक्स्टन यांनी त्यासाठी लोखंड आणि काचेचा महाल उभारला होता. लोकांनी त्याचं नाव ‘क्रिस्टल पॅलेस’ ठेवलं. साडेपाच महिन्यांत तिथं ६० लाखांवर माणसं येऊन गेली. त्यातली सुमारे १ लाख ६५ हजार एकट्या थॉमस कुक यांनी रेल्वेच्या स्वस्त सहलींतून आणली, आणि पर्यटनाचा धंदा आज आपण ओळखतो त्या रूपाला तिथून वेग आला. शिलिंगभर तिकिटाचे खास दिवस ठेवले होते, म्हणून गिरणी कामगारही बायकापोरांसह आले. पैसे देऊन वापरायच्या शौचालयांत ८ लाख २७ हजार २८० जण गेल्याची नोंद आहे. ही संख्या मला प्रत्येक वेळी वाचताना मजेदार वाटते. ज्यानं ती ठेवली त्याला प्रदर्शनाचं मर्म कळलं होतं : जे मोजता येतं, ते मोजायचं.

आता अंकलच्या प्रश्नाला भिडणारी गोष्ट. १८५१ च्या प्रदर्शनात मालावर किंमत लावायला मनाई होती. वस्तू पाहायची, शेजारच्या वस्तूशी ताडून पाहायची, कारागिरी वाखाणायची किंवा नाक मुरडायचं. भाव मात्र कुठं लिहिलेला नाही. मी हे अंकलना सांगितलं तेव्हा त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “सर, भाव न सांगता जो माल दाखवतो ना, तो सगळ्यात मोठा व्यापारी.” कितीतरी पंडितांनी हीच गोष्ट जाड पुस्तकांत सांगितली आहे. जत्रेत माणूस देवासाठी जातो आणि येताना चार वस्तू घेऊन येतो. आठवडी बाजारात पिशवी घेऊनच जातो. आमच्या नागपुरात धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर येतो, आणि परतणाऱ्या प्रत्येक थैलीत पुस्तकं असतात. तिथं पाहणं, वंदन आणि खरेदी यांच्यात भिंत नसते. प्रदर्शनानं ही भिंत घातली. नुसतं पाहायचं, हात लावायचा नाही, आणि पाहता पाहता हवंसं वाटू द्यायचं. पुढं आलेल्या मोठमोठ्या दुकानांच्या काचा याच शाळेत शिकून आल्या.

त्या काचमहालात हिंदुस्थानचं दालन ईस्ट इंडिया कंपनीनं मांडलं होतं. कोहिनूर पिंजऱ्यात ठेवला होता. तो पुरेसा चमकेना म्हणून लोक हिरमुसले. मग आत गॅसचे दिवे लावून पाहिले, तरी जमेना. पुढच्याच वर्षी त्याला पुन्हा पैलू पाडले आणि १८६ कॅरटचा दगड १०५ कॅरटवर आला. प्रेक्षकाची निराशा इतकी खोल कापते, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे. दुसरं आकर्षण होतं हत्तीवरची अंबारी. अंबारी अस्सल हिंदुस्थानी होती. हत्ती मात्र एसेक्स परगण्यातल्या एका छोट्या संग्रहालयातून उसना आणलेला, पेंढा भरलेला, आणि तोही आफ्रिकेचा. कानांच्या आकारावरून आमच्या गडचिरोलीतलं शेंबडं पोरगंही ते ओळखतं. पण लंडनच्या प्रेक्षकाला अंबारीखाली हत्ती दिसला, एवढं पुरे होतं.

त्या वेळी नागपुरावर तिसरे रघूजी भोसले राज्य करत होते. ते डिसेंबर १८५३ मध्ये वारले, औरस वारस नव्हता, आणि १८५४ मध्ये डलहौसीनं राज्य खालसा केलं. ‘जरीपटका’ हा शब्द मराठेशाहीतल्या मानाच्या ध्वजाचा आहे. ज्या मोहल्ल्यात बसून मी हे लिहितो आहे त्याच्या नावात तो ध्वज राहिला. राज्य राहिलं नाही. भोसल्यांच्या जडजवाहिराचा पुढं कलकत्त्यात लिलाव झाला. लिलाव हाही प्रदर्शनाचाच एक प्रकार, फक्त तिथं भाव पुकारतात.

लंडनच्या प्रदर्शनात खर्च वजा जाता १ लाख ८६ हजार पौंड उरले. त्या पैशातून साउथ केन्सिंग्टनला जमीन घेतली गेली आणि तिथं पुढं संग्रहालयं व शिक्षणसंस्था उभ्या राहिल्या. बाजार उठल्यावर काय उरतं याचा हा पहिला धडा. त्याचा मराठी अध्याय मुंबईत आहे. १८५५ च्या पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुंबई इलाख्यातून कच्चा माल आणि कारागिरीचे नमुने गोळा झाले. अशा संग्रहांच्या भोवती मुंबईत संग्रहालय उभं राहू लागलं. १८५७ च्या धामधुमीत बराकीतल्या त्याच्या जागेवर लष्कराचा हक्क आला आणि वस्तूंची वाताहत झाली. मग जॉर्ज बर्डवुड, डॉ. भाऊ दाजी लाड आणि जगन्नाथ शंकरशेट यांनी पैसा उभा केला, आणि भायखळ्याची इमारत १८७२ मध्ये लोकांसाठी उघडली. आज तिला डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात. मुंबईला गेलात तर वाघ-पेंग्विन आधी पाहून घ्या, मुलं ऐकणार नाहीतच. मग शेजारच्या या इमारतीत शिरा आणि मातीच्या भांड्यांच्या कपाटासमोर दहा मिनिटं उभे राहा.

त्या भांड्यांची गोष्ट जरीपटक्यातल्या माणसानं सांगावी अशीच आहे. सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यात होता. तिथल्या हाला गावच्या कुंभारांची चकाकीची कला जुनी आणि नावाजलेली. १८७० च्या दशकात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉर्ज टेरी यांनी शाळेत मातीकाम सुरू केलं आणि सिंधची ही रीत तिथं आणली. भांड्यांवर नक्षी कुठली? अजिंठ्याची. चकाकी सिंधी, चित्र मराठी मुलखातल्या लेण्यांचं, हात मुंबईच्या विद्यार्थ्यांचे, आणि गिऱ्हाईक युरोपच्या प्रदर्शनांतलं. निळ्या, हिरव्या किंवा मधासारख्या तपकिरी रंगाखाली कमळाची वेल चढलेली असते. जवळून पाहिलं तर बुडाशी चकाकीचा ओघळ गोठलेला दिसतो, भट्टीतून काढताना थबकलेल्या थेंबासारखा. ‘प्राचीन हिंदुस्थानी कला’ म्हणून जे परदेशात वाखाणलं गेलं, ते प्रदर्शनाच्या मागणीसाठी घडलेलं नवं काम होतं. म्हणून ते खोटं ठरतं का? मला तसं वाटत नाही. पण ते ‘जसंच्या तसं परंपरेतून आलेलं’ही नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरता येणं ही या क्षेत्रात टिकण्याची पहिली अट आहे.

युरोपात पौर्वात्य वस्तूंची जी आवड लागली तिच्यावर पुढं सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांनी जगभर दुकानं मांडली. सिंधची कारागिरी, म्हणजे ‘सिंध वर्क’, विकत म्हणून त्यांना ‘सिंधवर्की’ म्हणू लागले. इजिप्तपासून जपानपर्यंत आणि पार पनामापर्यंत त्यांचं जाळं पसरलं. क्लोद मार्कोवित्स या इतिहासकारानं त्यावर फार बारकाईनं लिहिलं आहे. फाळणीनंतर जरीपटक्यात येऊन वसलेली सगळी घरं काही सिंधवर्कींची नव्हेत. इथं बरेच जण रिकाम्या हातानं आले आणि फेरी मारून, ठोक माल उचलून चिल्लर विकत उभे राहिले. तरी गल्ल्यामागं बसून जगाचा नकाशा डोक्यात ठेवण्याची हातोटी या मोहल्ल्यात आहे, आणि ती मी रोज पाहतो.

आता नागपूरकडे वळू. इथं मी जरा रेंगाळणार आहे.

१८६१ मध्ये मध्यप्रांत तयार झाला. १८६२ पासून रिचर्ड टेंपल त्याचे चीफ कमिशनर झाले. हे तेच टेंपल, ज्यांनी पुढं १८७७ च्या दुष्काळात दख्खनच्या आणि मद्रासच्या कामगारांची मजुरी रोज पौंडभर धान्याच्या हिशेबानं आखली. मोजण्याची त्यांना आवड होती असं सौम्यपणे म्हणू या. १८६३ मध्ये नागपुरात मध्यवर्ती संग्रहालय स्थापन झालं, ज्याला नागपूरकर आजही ‘अजब बंगला’ म्हणतात. त्यानंतर दोन वर्षांनी, डिसेंबर १८६५ मध्ये, टेंपल यांच्या कारकिर्दीत नागपुरात कला, कारागिरीचा माल आणि उपज यांचं प्रदर्शन भरलं. रेल्वे अजून आलेली नव्हती. ती नागपुरात पोचली १८६७ मध्ये. त्यामुळे जे आलं ते बैलगाड्यांवर लादून आलं. प्रांतभरातून चाकांचा करकराट नागपूरच्या दिशेनं चालला असणार.

वेळही पाहा. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं. चार वर्षं मँचेस्टरला अमेरिकेचा कापूस मिळत नव्हता म्हणून वऱ्हाड-हिंगणघाटचा कापूस सोन्याच्या भावानं गेला होता. युद्ध संपताच भाव कोसळले. अशा हंगामात सरकार नांगर, सरक्या काढायची यंत्रं आणि उपजेचे नमुने एका जागी मांडतं, तेव्हा ते शेतकऱ्याला शिकवू पाहतं, व्यापाऱ्याला बोलावतं आणि स्वतःच्या मुलखाची यादीही करून घेतं. या तीन कामांपैकी कुठलं खरं, असा वाद अभ्यासक घालतात. मला तो वाद निष्फळ वाटतो. नव्यानं ताब्यात आलेल्या प्रांतात यादी करणं हेच राज्य करणं होतं.

पुढच्याच वर्षी, १८६६-६७ मध्ये, जबलपूरला प्रदर्शन भरलं. तिथं वस्तूंबरोबर माणसं आणली. कलकत्त्यात जगभरच्या जमातींचं संमेलन भरवावं अशी एक सूचना त्या काळात चर्चेत होती. ते संमेलन कधी झालं नाही. जबलपूरला मात्र गोंड, कोरकू अशा आदिवासी जमातींची माणसं आणून तपासली गेली, आणि त्यावरचा समितीचा अहवाल १८६८ मध्ये निघाला. अहवालाच्या शीर्षकातच त्या माणसांसाठी ‘नमुने’ हा शब्द आहे.

इथं मराठी वाचकानं थांबावं. आपल्याकडे ‘काय नमुना आहे!’ असं आपण विक्षिप्त काकांबद्दल म्हणतो, त्यात चेष्टा असते आणि थोडी मायाही. कापसाचा नमुना, गव्हाचा नमुना, कापडाचा नमुना, सातबाऱ्याचा नमुना, हे सगळे शब्द आपल्या रोजच्या बोलण्यात आहेत. जबलपूरच्या अहवालात कापूस आणि माणूस एकाच शब्दात बसले. नागपुरात मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी याच जमातींविषयी वर्षानुवर्षं टिपणं केली होती. ते सप्टेंबर १८६३ मध्ये नागपूरजवळ बुडून मरण पावले, आणि त्यांचे कागद १८६६ मध्ये टेंपल यांनी छापले. हिस्लॉप गावोगाव जाऊन माणसांशी बोलत, त्यांच्या भाषेतली गाणी आणि कथा उतरवून घेत. जबलपुरात माणसांनाच बोलावून रांगेत उभं केलं. एकाच दशकात, एकाच प्रांतात, ज्ञानाच्या या दोन रीती शेजारी दिसतात. विद्यार्थ्यांनी त्या जोडीनं वाचाव्यात.

जबलपूर हा अपवाद नव्हता. १८८६ मध्ये लंडनमध्ये भरलेल्या ‘वसाहती आणि हिंदुस्थान’ प्रदर्शनात ‘देशी कारागिरांचा बाजार’ मांडला होता. तिथं काम करणाऱ्यांतले बरेचसे आग्र्याच्या तुरुंगातून नेलेले कैदी होते. तुरुंगात शिकलेलं काम तिथं वंशपरंपरेचं म्हणून दाखवलं गेलं. व्हिक्टोरिया राणीनं त्यांची चित्रं काढवून घेतली. १९०४ च्या सेंट लुईस प्रदर्शनात फिलिपिन्समधल्या हजाराहून जास्त माणसांची वस्तीच वसवली होती. १९५८ च्या ब्रसेल्सच्या प्रदर्शनापर्यंत काँगोचं गाव मांडलं जात होतं. ज्यांना ‘प्रदर्शन म्हणजे प्रगती’ हे समीकरण पाठ आहे, त्यांनी ही वर्षं फळ्यावर लिहून ठेवावीत.

कापडाची गोष्ट राहिली, आणि ती अंकलच्या दुकानाला लागून आहे. लंडनच्या इंडिया ऑफिसात हिंदुस्थानच्या मालाची नोंद ठेवणारे जॉन फोर्ब्स वॉटसन यांनी १८६६ मध्ये हिंदुस्थानी कापडाचे ७०० तुकडे १८ खंडांत चिकटवून घेतले आणि त्याचे २० संच केले. १३ संच ब्रिटनमध्ये वाटले, ७ हिंदुस्थानात. त्यांना ते ‘फिरती संग्रहालयं’ वाटत. हेतू उघड लिहिलेला होता : ब्रिटिश गिरणीवाल्यांनी इथल्या विणकरांचं काम पाहावं, लांबी-रुंदी आणि काठपदर समजून घ्यावेत, आणि तसा माल करून इथंच विकावा. आमच्या विदर्भातला कोष्टी आणि हलबा विणकर, उमरेडचा असो की पवनीचा, ज्या स्पर्धेला तोंड देत होता तिच्या पाठीशी असे ग्रंथ होते. अंकलना मी हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. सॅम्पल-बुक उघडून त्यातला एक तुकडा दाखवला आणि म्हणाले, “हे आम्हीपण करतो. पण ज्याचं कापड त्याला विचारून.”

अजिंठ्याची आठवण काढली होती, तिचा शेवट आगीत आहे. मद्रास सैन्यातले रॉबर्ट गिल १८४४ पासून अजिंठ्यात राहून भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या नकला करत होते. लेण्यांत अंधार, माश्या, वटवाघळं. आरशांनी उजेड फिरवायचा आणि काम करायचं. या नकला लंडनला गेल्या आणि सिडनहॅमला हलवलेल्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या. डिसेंबर १८६६ मध्ये तिथं आग लागली आणि वीस-एक वर्षांच्या त्या कामातलं बहुतेक सगळं जळालं. मग जे. जे.चे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या. त्या साउथ केन्सिंग्टनला ठेवल्या. १८८५ मध्ये तिथंही आग लागली. दोनदा केलेल्या कामाला दोनदा आग लागली. क्रिस्टल पॅलेस स्वतः १९३६ मध्ये जळून खाक झाला. जगाला दाखवायला नेलेली वस्तू सुरक्षित राहते हा समज पक्का असेल तर ही तारीखवार यादी घरी नेऊन वाचावी.

शिकागोबद्दल फार लिहीत नाही, कारण ते सगळ्यांना येतं. १८९३ च्या त्या प्रदर्शनात मोठं फिरतं चक्र होतं, धर्मपरिषद होती, आणि स्वामी विवेकानंदांचं भाषण शाळेत सगळ्यांनी ऐकलेलं असतं. त्याच व्यासपीठावर मुंबईहून गेलेले ब्राह्मो समाजाचे बी. बी. नगरकर बोलले होते, हे मात्र महाराष्ट्रातही कुणाला आठवत नाही. राजा रविवर्म्याची दहा चित्रं तिथं होती. पॅरिसचं १८८९ चं प्रदर्शन आयफेल टॉवरसाठी ओळखलं जातं. तो वीस वर्षांनी पाडायचा होता, पण बिनतारी संदेशांच्या खांबाचं काम जमलं म्हणून वाचला. इथंही बाजार उठल्यावर मिळालेल्या कामानंच वस्तूला जीवदान दिलं.

प्रदर्शनाची हीच कला उलटून वापरायची कल्पना आपल्याकडच्या मंडळींना लवकर सुचली. पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांनी १८९० मध्ये औद्योगिक परिषद भरवली. काँग्रेसनं १९०१ पासून अधिवेशनाला औद्योगिक प्रदर्शन जोडलं. १९०२ च्या अहमदाबादच्या प्रदर्शनाचं उद्घाटन सयाजीराव गायकवाडांनी केलं, १९०४ मध्ये ते मुंबईत भरलं. नागपुरातही १९०८ मध्ये मोठं प्रदर्शन झालं. पण या सगळ्यांत मला खानदेशातल्या फैजपूरचं अधिवेशन विशेष वाटतं. डिसेंबर १९३६. काँग्रेस पहिल्यांदाच खेड्यात बसली. गांधींच्या सांगण्यावरून नंदलाल बोस यांनी बांबू, गवत, चटया अशा तिथल्याच सामानातून सजावट केली, आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन मांडलं. पॅक्स्टनच्या काचेशेजारी हा बांबू ठेवून पाहा. क्रिस्टल पॅलेसनं सांगितलं, ‘आम्ही काय काय करू शकतो.’ फैजपुरात बांबूनं सांगितलं, ‘तुमच्या परसात काय आहे ते पाहिलंत का?’ दोन वर्षांनी, ३० डिसेंबर १९३८ रोजी, वर्ध्याला मगन संग्रहालय उघडलं. प्रदर्शनातून संग्रहालय निघावं, हा लंडनचाच क्रम. फक्त मांडलेल्या वस्तू चरखा, घाणी आणि हातकागद होत्या. नागपूरहून रेल्वेनं तास-दीड तासात पोचता. जाऊन या.

जागतिक प्रदर्शनांचा पसारा इतका वाढला की कुठलं खरं आणि कुठलं नकली, कोण कधी भरवणार, याच्यावर भांडणं लागली. २२ नोव्हेंबर १९२८ रोजी पॅरिसमध्ये ३१ देशांनी करार केला आणि नियमन करणारी कचेरी उभी राहिली. आता मोठी प्रदर्शनं साधारण पाच वर्षांनी, सहा महिन्यांपर्यंत भरतात. १९७० च्या ओसाकात सहा कोटींहून अधिक, २०१० च्या शांघायमध्ये सात कोटींहून अधिक माणसं आली. ओसाकात २०२५ मध्ये पुन्हा भरलं. आता यंत्रं विकण्यापेक्षा देशाचं नाव विकणं चालतं. दालन बांधायचं, मोठी रांग लागली तर बरं, आणि देश चांगला दिसावा. ही बाब मी थोडक्यात आटोपतो, कारण त्यावर इतरांनी पुरेसं लिहिलं आहे आणि मला त्यात फारसा रस नाही.

विद्यार्थ्यांसाठी दोन गोष्टी. विद्यार्थी असताना मी वहीभर प्रेक्षकसंख्या उतरवल्या. किती आले, किती तिकिटं फाटली, किती रुपये. वर्षभरानं मार्गदर्शकांनी विचारलं, “यांतल्या एका माणसाचं तरी नाव सांग.” सांगता येईना. तेव्हापासून मी यादीकडे वेगळ्या नजरेनं पाहतो. प्रदर्शनाची छापील यादी उघडलीत की वस्तूच्या नावापुढं कोण लिहिलंय ते बघा. बहुतेक वेळा पाठवणाऱ्याचं नाव असतं, म्हणजे राजा, जिल्हाधिकारी किंवा समिती. विणणाऱ्याचं, घडवणाऱ्याचं नसतं. ते शोधायला जमातींच्या वह्या, तुरुंगाचं दप्तर आणि घराण्यांतल्या आठवणी चाळाव्या लागतात. तिथं उर्दू-मोडीची गाठ पडते, म्हणून मोडी शिका. दुसरं म्हणजे पदकं. जुन्या डब्यांवर, बाटल्यांवर पदकांची चित्रं छापलेली असतात. कुठल्या प्रदर्शनाचं, कुठल्या साली, हे बारीक अक्षरात असतं. घरातलं भांड्यांचं फडताळ एकदा काढून बघा. तुमच्या आजीच्या डब्यावर एखादं पदक असू शकतं.

आणि घराजवळचं आधी. जरीपटक्यातून निघायचं, इंदोरा सोडायचं, कडबी चौकातून सदरला यायचं आणि पुढं सिव्हिल लाइन्सच्या बाजूला अजब बंगला. सोमवार टाळा, त्या दिवशी संग्रहालय बंद असतं. १८६३ सालची ही संस्था लंडनच्या त्याच काळात जन्मलेल्या संस्थांइतकीच वाचनीय आहे.

अंकलची पुस्तिका मात्र मी अजून मागून घेतलेली नाही. परवा दुकानात गेलो तर ती काउंटरच्या काचेखाली ठेवली होती, सेफ्टी पिनांचं पाकीट आणि कापडाच्या बटणांच्या पट्ट्यांमध्ये, उलट्या शिक्क्याचं पान वर करून. एक बाई ब्लाऊजपीस घ्यायला आल्या होत्या. त्यांनी काचेवर बोट ठेवून विचारलं, “हे केवढ्याला हो?”

अंकल मोजपट्टी गुंडाळत म्हणाले, “ते विकायचं नाही, ताई. पाहायला आहे.”